महाराणीनं केस काहून कापले

१२ सप्टेंबर

डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वरून सल्ला दिला की राग आला की कागदावर काढा, माणसांवर काढू नका. म्हणून हे लिहिणं. असा सल्ला देणाऱ्यानं आयुष्यात कधी हौशी नाटक बसवलेलं नसणार.

आज नव्या नाटकाचं वाचन झालं. ‘नारा महाराणी’. लेखक मी, दिग्दर्शक मी, बादशहाच्या भूमिकेत मनोहर गिरडकर, म्हणजे पुन्हा मीच. आमच्या नटेश्वर कलामंडळाचं हे पंचविसावं वर्ष. सक्करदऱ्याच्या समाजभवनात बसून चीनचा दरबार उभा करायची छाती नागपुरात दुसऱ्या कोणाची आहे ते मला दाखवा.

गोष्ट इतिहासातली. अडीचशे वर्षांपूर्वी चीनचा बादशहा छ्येनलुंग दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला, सोबत महाराणी नारा. तळ्याकाठच्या एका शहरात एक दिवस तिनं स्वतःचे केस कापले. त्या दरबारात बाईनं केस कापायचे ते नवरा किंवा सासू मेल्यावरच. नवरा जिवंत असताना कापले म्हणजे तू मला मेलास असं तोंडावर सांगणं. त्यानं तिला तडक राजधानीत परत धाडलं, सगळा मान काढून घेतला. पुढच्या वर्षी ती मेली. सोबत दोन दासी. बादशहा शिकारीला गेला होता, तो परत फिरला नाही. केस का कापले, हे तिच्या तोंडून कोणीही लिहून ठेवलेलं नाही.

ही गोष्ट मला गोपिकेनं सांगितली हे मान्य करतो. गोपिका म्हणजे माझी बायको. गेली तीन वर्षं कानात वायर खुपसून ती हिंदीत डब केलेल्या चिनी मालिका पाहते. कणीक मळताना, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. आधी गाणी म्हणायची, आता चीन. पण गोष्ट सांगणं वेगळं आणि नाटक लिहिणं वेगळं.

आजवर मंडळाची नायिका गोपिकाच. यंदा महाराणी भूमिकाला दिली. पोरगी सव्वीस वर्षांची आहे, आयटीत नोकरी करते, चेहरा असा की परीक्षकांची नजर हटणार नाही. गोपिका चोपन्नची झाली. तिला महाराणीच्या मरणकाळी सोबत असलेल्या दासीचं काम दिलं. सगळ्यांनी माना अशा वळवल्या जसा मी कोणाचा खून केला. गोपिका म्हणाली, “दासीचे डायलाग किती आहेत?”

“एक.”

“पुष्कळ झाला,” म्हणाली आणि चहाचे कप गोळा करायला लागली.

मोठ्या मनाची बाई आहे. राग आला तो जितेंद्रचा. हा आमचा लाईट आणि सेटवाला, वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. चारचौघांत विचारतो, “भाऊ, वहिनी महाराणी नाही काहून?” मी म्हटलं, तुला लाईट लावायला ठेवला आहे, तू लाईट लाव.

१४ सप्टेंबर

गोपिका म्हणते उद्या पारशिवनीला जाते, पितृपक्षात आईचं पान वाढायचं आहे. उद्या दुसऱ्या प्रवेशाच्या हालचाली बसवायच्या आहेत. मी नाही म्हटलं. पान काय, तिचा भाऊ गोपाळराव वाढेलच की. ती “बरं” म्हणाली. मग बरं म्हणायचं होतं तर विचारायचं कशाला? उगाच माणसाला नाही म्हणायला लावायचं आणि वाईट ठरवायचं.

आणि हे कोणी करावं? जिच्या निष्ठेचा किस्सा मी गावोगाव सांगतो तिनं?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्पर्धेचा प्रयोग, पहिला अंक चालू, विंगेत माझा फोन थरथरला. गोपाळराव. आईचं काही खरं नाही, गोपीचं नाव घेऊन राहिली, लवकर आणा. पारशिवनी म्हणजे तासाभराचा रस्ता. मी फोन खिशात टाकला आणि कोणाला अवाक्षर बोललो नाही. गोपिका दोन्ही अंक अशी रंगली की प्रेक्षागृहात पदर डोळ्यांना लागले. पडदा पडला, मग सांगितलं. पोचलो तोवर म्हातारी गेली होती. त्या वर्षी आम्हाला पहिलं बक्षीस.

हा किस्सा मी प्रत्येक सत्कारात सांगतो आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडतात. नाटकवाल्याचं रक्त कसं असतं ते लोकांना त्यातून कळतं. गोपिका माझ्या बाजूच्याच खुर्चीत बसलेली असते, लोक वळून वळून तिच्याकडे पाहतात. यापेक्षा मोठा मान कोणता?

त्या दिवशी गाडीत तिनं एकच विचारलं होतं, “फोन केव्हा आला होता?” मी खरं ते सांगितलं, पहिल्या अंकात. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

२७ सप्टेंबर

आज तालमीत अंगाचा तिळपापड झाला.

भूमिका मला विचारत नाही. महाराणीनं उंच टाचेवर कसं चालायचं, हात कुठे ठेवायचा, पाठ कशी ताठ ठेवायची, सगळं गोपिकेला विचारते. दोघी कोपऱ्यात तास तास. दिग्दर्शक इकडे पंख्याखाली बसून आहे त्याची पर्वा नाही. बरं, गोपिका जे सांगते त्यानं पोरगी सुधारली आहे, हेही लिहून ठेवतो. पण शिस्त म्हणून काही असते.

मग मी बादशहाचं स्वगत वाचलं. चार पानं. त्यात बादशहा प्रेक्षकांना सांगतो की महाराणीनं केस का कापले. दौऱ्यावर त्याला एक नर्तकी आवडली, हिचा जळफळाट झाला, मत्सरानं तिनं कात्री उचलली. माझं हे स्वगत वाचताना मलाच भरून येतं.

गोपिका पाण्याची बाटली भरत होती. तिकडूनच म्हणाली, “हे कुठं लिहिलं आहे?”

“काय?”

“नाचणारीचं.”

“मी लिहिलं आहे. मी लेखक आहे.”

“तिनं तर काही सांगितलं नाही ना. अन् तिले कोणी विचारलंही नाही. त्यानं तं एकदाही विचारलं नसन, काहून कापले म्हणून.”

मी म्हटलं, “मग प्रेक्षकाला काय सांगू? कारण माहीत नाही, घरी जा?”

“तसंच सांगा.”

जितेंद्र हसला. भूमिकाही हसली, पण तिनं तोंडावर हात ठेवला. मग गोपिका बाटलीचं झाकण लावत लावत म्हणाली, “सासूसाठी कापता येत होते. आईसाठी येत होते का? तिची आई मेली असती तं तिनं काय करायचं होतं?”

मी म्हटलं, हे काय मधेच? आई कुठून आली? नाटकात आईचं पात्रच नाही. ती म्हणाली, “नाही ना. म्हणूनच म्हणून राहिली.”

 मी तालीम संपवली. सगळ्यांसमोर पाणउतारा झाला आणि वर घरी येऊन हिनं भाकरीबरोबर माझ्या आवडीचं भरीत केलं. रागावायचीही सोय ठेवत नाही.

२८ सप्टेंबर

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

१९ ऑक्टोबर

हर्षा पुण्याहून दिवाळीला आली. आल्या आल्या बापावर तोफ. “बाबा, आईला दासी?”

मी म्हटलं आईनं आनंदानं घेतली. “विचारलंत तिला?” असं म्हणून माझ्याकडे असं पाहिलं जसा मी शेजारच्यांचा कोणी आहे. विचारायचं काय? कास्टिंग दिग्दर्शक करतो. पोरीला शिकवलं, पायावर उभं केलं, आता ती मला नाटक शिकवते.

तिकडे गोपिका चकल्या पाडत होती. हर्षा तिच्याजवळ जाऊन बसली. मी आत गेलो तेव्हा बंद झालेलं बोलणं मी बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू झालं. घर माझं आहे आणि घरातलं बोलणं माझ्यासमोर होत नाही.

नाटकात मी एक नवा प्रवेश घातला आहे. शेवटचा. बादशहा शिकार अर्धवट सोडून येतो, मरणाऱ्या महाराणीला क्षमा करतो आणि तिथे ते चार पानांचं स्वगत. दासी दारात उभी असते, म्हणते, “महाराज, महाराणींची वेळ आली आहे,” आणि बाजूला सरते. बादशहा आत जातो.

गोपिकेला वाचून दाखवलं. म्हणाली, “तो आला नव्हता.”

“नाटकात येईल. प्रेक्षक रडला पाहिजे.”

“कोणासाठी?”

असले प्रश्न. बादशहासाठी, दुसऱ्या कोणासाठी? चांगल्या माणसाच्या हातून बायको सुटते, याहून मोठी शोकांतिका कोणती?

८ नोव्हेंबर

जितेंद्रनं वाडीहून खोक्यांच्या फळ्या आणून दार केलं. खरं, उघडबंद होणारं, कडीसकट. मी म्हटलं होतं की चौकट पुरे, दाराचं काम नाही, दासी बाजूला सरली की झालं. तर म्हणतो, “वहिनीनं सांगितलं, दार पाहिजे.” आता सेटही वहिनी ठरवणार. मी काढून टाक म्हटलं, पण आता खिळे बसले आहेत म्हणतो. त्याच्या तोंडाला लागून उपयोग नाही, लाईट त्याच्या हातात आहेत.

गोपिकेच्या एका वाक्यावर आज अर्धी तालीम गेली. “महाराज, महाराणींची वेळ आली आहे.” कोरडं, सपाट, जसं कोणी दुधवाल्याला उद्या नको सांगतं. मी ओरडलो. हो, ओरडलो. इतक्या वर्षांची नटी, एवढं वाक्य म्हणता येऊ नये? भाव कुठे आहे?

“आला नाही अजून,” म्हणाली. “प्रयोगाले येईन.”

मला कधी कधी वाटतं की माझं काही चुकतं आहे का. पण काय, ते सापडत नाही. मी दारू पीत नाही. हात उचलला नाही कधी. बायकोला आमच्या आळीत स्टेजवर उभं करणारा मी पहिला माणूस. माझ्या आईचा विरोध मोडून केलं. हिला तेही आठवत नसेल आता.

२८ नोव्हेंबर

मिशाही न काढता लिहितो आहे.

प्रयोग झाला. पहिला अंक उत्तम. भूमिकानं केस कापले तेव्हा प्रेक्षागृहातून एक उसासा आला, तो मला विंगेत ऐकू आला. मी शेवटच्या प्रवेशासाठी तयार होतो. इतवारीच्या बाजारातून आणलेल्या पिवळ्या साटीनचा झगा, टोपी, मिशा. चारही पानं तोंडपाठ. एंट्रीचं संगीत वाजलं आणि मी गेलो.

दारात गोपिका. राखाडी कपडे, केसांना घट्ट पट्टी. तिनं मला वाकून नमस्कार केला. तो दिग्दर्शनात आहे. मग तिनं म्हणायचं होतं, महाराज, महाराणींची वेळ आली आहे. ती म्हणाली, “महाराज, निरोप वेळेवर पोचला होता.”

मी थांबलो. मला वाटलं वाक्य विसरली, होतं असं. मी हळूच ओठ न हलवता म्हटलं, “वेळ आली आहे, वेळ.” ती माझ्याकडे बघतच होती. मग म्हणाली, “आता आत तुमचं काही काम नाही.”

आणि दार लावलं. आतून. कडी घातल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

मी बाहेर. चीनचा बादशहा बाहेर. चार पानं तोंडात तशीच. दारावर थाप मारावी की प्रेक्षकांकडे वळून सरळ स्वगत सुरू करावं, याचा विचार करतो आहे तोवर जितेंद्र हरामखोरानं लाईट कमी करायला सुरुवात केली. आधी माझ्या तोंडावरचा गेला, मग हातांवरचा, शेवटी फक्त दार दिसत होतं. मग तेही गेलं.

 आणि मग टाळ्या. इतक्या टाळ्या माझ्या उभ्या आयुष्यात ऐकल्या नाहीत. लोक उभे राहिले. मी अंधारात उभा होतो आणि माझे कान लाल झाले होते.

कोणता निरोप? संहितेत निरोप कुठेच नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिलं. मग हे वाक्य आलं कुठून? इतक्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही आणि आज, स्पर्धेत, माझ्याच तोंडावर?

रंगपटात गेलो तर ती नव्हती. भूमिका म्हणाली, काकू गेल्या. कुठे? म्हणे गोपाळमामा गाडी घेऊन आले होते.

२९ नोव्हेंबर

गोपिका पारशिवनीला आहे. हर्षाच्या फोनवरून कळलं, मला तिचा फोन नाही. रुसली आहे. चार दिवसांत येईल.

भात लावला होता, खाली लागला.

३ डिसेंबर

प्राथमिक फेरीचा निकाल लागला. पहिले आलो. दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मला. परीक्षकांनी खास उल्लेख केला की बादशहाला दाराबाहेर ठेवण्याची कल्पना थोर आहे, लेखकानं कारण न सांगण्याचं धाडस दाखवलं. धाडस. मी तर चार पानं कारण लिहिलं होतं.

मी स्टेजवर गेलो, हार घेतला. काय करणार होतो? माझी कल्पना नाही असं माइकवर सांगू? मंडळाचं नाव मंडळाचं असतं.

मग बोलायला सांगितलं आणि मी नेहमीचा किस्सा सुरू केला. विंगेत फोन थरथरला, आई शेवटच्या घटकेला, गोपीचं नाव घेऊन राहिली, मी फोन खिशात टाकला. बाजूची खुर्ची रिकामी होती. मी दर वेळेसारखा तिच्याकडे हात केला आणि हात तसाच राहिला. भूमिका उठून बाहेर गेली. जितेंद्र जमिनीकडे बघत होता. टाळ्या पडल्या, पण आधी मागून कुठून तरी दोनचार, मग बाकीच्या. त्या पडल्या म्हणता येणार नाही.

बाहेर भूमिका भेटली. म्हणाली, “सर, फोन आला तेव्हा त्या आजी जिवंत होत्या ना?”

“होत्या.”

“मग?”

मग काय? आजकालच्या पोरींना बोलायची रीत नाही. मी म्हटलं, प्रयोग चालू होता. ती स्कूटी काढून गेली. मी हार हातात धरून पार्किंगमध्ये उभा. तिथून ऑटो मिळेना, मिळाला तो सक्करदऱ्याला यायला तयार होईना. सगळ्यांनी ठरवूनच आजचा दिवस निवडला आहे.

७ डिसेंबर

स्वतः पारशिवनीला गेलो. अमरावतीला अंतिम फेरी आहे, चौदा तारखेला. दासीशिवाय प्रयोग होत नाही. आता सगळ्यांना ते दार पाहिजे.

अंगणात कापूस पसरलेला होता आणि गोपिका तिच्या वहिनीबरोबर त्यातली पानं वेचत बसली होती. केसांत कापसाचे धागे. गोपाळरावांनी पाणी दिलं, चहा दिला. माझा सालाच तो, पण इतका जपून बोलत होता जसा मी सरकारी माणूस आहे.

मी सरळ विषयावर आलो. म्हटलं, “झालं ते झालं. मी मोठ्या मनानं विसरलो. चल घरी.”

“प्रयोगाले येईन,” ती म्हणाली. “घरी नाही.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, “म्हणजे?”

“अमरावतीले येईन. काम करीन. मग इकडं येईन.”

“लोक काय म्हणतील?”

“विचारतील तं तुम्हीच सांगा. तुमाले सांगता येते.”

मी आवाज चढवला. चढवणारच. मी म्हटलं, हे सगळं एका रोलसाठी? ठीक आहे. अमरावतीला महाराणी तू कर, भूमिकाला मी सांगतो. घे. आणखी काय पाहिजे? तिनं एक बोंड उचललं, त्यातलं वाळकं पान काढलं, बाजूला टाकलं.

“दासीच राहू द्या,” म्हणाली. “जेवून जा.”

जेवलो. पिठलं होतं, माझ्या आवडीचं, पण कोणी माझ्यासाठी केलं नव्हतं, ते होतंच. ती वाढत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. बारीक झाली नव्हती. रडलेलीही दिसत नव्हती. कामाच्या मधेच ती काहीतरी गुणगुणली. तीन वर्षांत पहिल्यांदा. याचाच जास्त राग आला. माझ्या घरात जे बंद केलं ते इथे चालू?

बसस्टँडपर्यंत गोपाळराव सोडायला आले. रस्त्यात म्हणाले, “भाऊजी, तुम्ही तिले एकदा तरी विचारलं का, काहून म्हणून?”

मी म्हटलं, “मला काय विचारायचं आहे? मला ठाऊक आहे. महाराणी दिली नाही म्हणून. मत्सर आहे तो.”

 गोपाळराव बस येईपर्यंत उभे राहिले, खिडकीतून माझी पिशवी आत दिली.

१० डिसेंबर

जितेंद्रला विचारलं की कटाचा भाग तू होतास का. म्हणाला, “भाऊ, वहिनीनं फक्त सांगितलं का दार लागलं का लाईट हळूहळू ने. काहून ते म्या नाही विचारलं.” मग म्हणाला, “मले माहीत होतं.”

सगळ्या नागपूरला माहीत आहे. फक्त ज्यानं नाटक लिहिलं त्याला नाही. घरी येऊन त्या वाक्यावर बसलो. निरोप वेळेवर पोचला होता. बादशहाला निरोप गेला असेल, तो शिकारीत असेल, हातात धनुष्य असेल, समोर हरीण असेल. हातचं टाकून कोणी कसं उठेल? मी त्याच्या जागी असतो तर मीही उठलो नसतो.  उगाच डोकं दुखतं आहे.

१५ डिसेंबर

काल अमरावतीचा प्रयोग. आज सकाळी परत आलो, आंघोळही न करता लिहायला बसलो आहे.

ती दुपारी आली, एसटीनं, हातात एक पिशवी. सगळ्यांशी बोलली. भूमिकाच्या डोक्यावर विग बांधून दिला, पोरांना धपाटे घातले, माझ्या झग्याची उसवलेली बाही माझ्या अंगावरच शिवली. सुई माझ्या मनगटाजवळ होती आणि ती दोरा दातानं तोडायला वाकली. एवढ्या जवळ.  ती म्हणाली, “हात वर करा,” मी केला.

दार आता ठरलेलं आहे, चार पानं मीच काढून टाकली, लोकांना ती नको आहेत. मी यायचं, तिनं दोन वाक्यं म्हणायची, दार लावायचं, मी उभं राहायचं. एवढंच. कोणालाही जमेल असं काम.

मी आलो. तिनं वाकून नमस्कार केला. “महाराज, निरोप वेळेवर पोचला होता.” तोच आवाज, कोरडा, पण आता मला त्यात भाव ऐकू आला. तो नेहमीच होता की काय कोण जाणे. “आता आत तुमचं काही काम नाही.”

तिनं दाराला हात लावला आणि माझ्या तोंडातून निघालं, “काहून?”

बादशहाच्या तोंडी काहून. पंचवीस वर्षं पोरांना शुद्ध बोला म्हणून झोडपत आलो, आणि अंतिम फेरीत, परीक्षकांसमोर, पिवळ्या साटीनमध्ये मी म्हणतो, “काहून वं? काहून?” आवाजही बादशहाचा नव्हता. घरातला होता, घशातून फाटून आलेला.

ती थांबली. दार अर्धं लागलेलं होतं, अर्ध्यात ती दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. दासीनं पाहायचं नसतं, मान खाली असायला पाहिजे, पण तिनं सरळ पाहिलं.  मला वाटलं आता ती सांगेल. मी खरंच कान देऊन उभा होतो. आयुष्यात कोणाच्या बोलण्याची इतकी वाट पाहिली नाही.

तिनं दार लावलं. या वेळी कडी हळू घातली.

टाळ्या झाल्या. मला त्या नीट ऐकू आल्या नाहीत. विंगेत भूमिका म्हणाली, “सर, ते फार जमलं, ते ठेवा.” ठेवा म्हणते. जसं मी ते ठरवून केलं. रंगपटात गेलो तोवर गोपिकेनं तोंड धुतलं होतं. गोपाळराव बाहेर गाडीत होते. ती जाताना एवढंच म्हणाली, “झगा घडी करून ठेवला आहे.”

राग आहे. छातीत भरून आहे, पण आज तो कोणाच्या नावानं काढावा ते समजत नाही. भूमिकावर निघत नाही, जितेंद्रवर निघत नाही, तिच्यावर काढायला जातो तर तिचं ते पाहणं आडवं येतं. मी विचारलं ना शेवटी. चारशे माणसांसमोर विचारलं. तरी तिनं सांगितलं नाही.

एकवीस तारखेला वर्ध्याला प्रयोग आहे. ती येईन म्हणाली आहे. घरी विचारायची सोय राहिली नाही, पण दार तर प्रत्येक प्रयोगात लागणार आहे. वर्ध्यालाही विचारीन.